विजेवरील कुटुंबगाडी : पल्ला, भरणा आणि पाटीवरचा हिशोब

आमच्या विदर्भाचा आणि वेगवान वाहनाचा संबंध फार जुना आहे. महाभारतांतील नलोपाख्यान आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं आजीच्या तोंडून ऐकलेंच असेल. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून अयोध्येचा राजा ऋतुपर्ण एका दिवसांत विदर्भांतील कुंडिनपुरास पोंचूं पाहतो, आणि बाहुक या नांवानें त्याच्या पदरीं राहिलेला नल सारथ्य पत्करतो. नलानें निवडलेले घोडे दिसावयास कृश. राजास शंका येते कीं, हे एवढा पल्ला कसा काढणार? पण रथ असा धांवतो कीं, राजाचें उत्तरीय खालीं पडलें असें तो म्हणेपर्यंत तें योजनभर मागें राहिलेलें असतें. पुढें एका बेहड्याच्या झाडापाशीं राजा आपली संख्याविद्या दाखवितो. नल ती मागून घेतो व बदल्यांत अश्वविद्या देण्याचें कबूल करतो. आणि ती विद्या मिळतांच नलाच्या अंगांतील कलि बाहेर पडतो.

ही कथा आम्हीं वर्गांत तीसांहून अधिक वर्षें शिकविली. परंतु तिच्यांतील मर्म आम्हांस गेल्या वैशाखांत, स्वतःच्या घरच्या गाडीत बसलों असतांना उमगलें. तो प्रसंग व त्यावरून सुचलेला हिशोब वाचकांपुढें ठेवावा म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

आमचें घर हिंगण्याचें. वेणा नदीच्या कांठचा हा जुना गांव. परंतु आज नागपूरच्या बाजूनें येणाऱ्यास प्रथम दिसतात ते औद्योगिक वसाहतींतील कारखाने, त्यांत महिंद्रांचा ट्रॅक्टरांचा मोठा कारखाना. २०२० च्या जानेवारीपासून मेट्रो लोकमान्य नगरापर्यंत येऊन पोंचली आहे. आणि मुंबईस जाणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग आमच्याच तालुक्यांतील शिवमडका येथून सुरू होतो. त्याचा शिर्डीपर्यंतचा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला व शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं. घरांत आम्ही लहानथोर मिळून तेरा माणसें, चूल एक आणि गाडीहि एक. ती जुनी पेट्रोलची गाडी थकली तेव्हां नवी कोणती घ्यावी, हा प्रश्न रात्रीच्या जेवणानंतर महिनाभर चालला होता. पुतण्याचा आग्रह विजेवरील गाडीचा. आमच्या वडील वहिनींनीं, ज्यांचें वय आतां चौऱ्याहत्तर आहे, एकच प्रश्न विचारला, "भाऊजी, वाटेंत वीज गेली तर?" सर्व हंसले. पुढें कळून आलें कीं, तोच प्रश्न खरा होता.

विजेची गाडी ही कांहीं कालपरवांची कल्पना नव्हे. ताशीं शंभर किलोमीटरांचा वेग ओलांडणारी पहिली मोटार विजेवरच चालणारी होती. १८९९ सालीं फ्रान्समध्यें कामिल झेनात्झी या बेल्जियन गृहस्थानें ती हांकली. त्या काळीं अमेरिकेंतील शहरांत विजेच्या गाड्या पुष्कळ होत्या व स्त्रियांस त्या विशेष आवडत, कारण पेट्रोलची गाडी सुरू करण्यास पुढचा दांडा जोर लावून फिरवावा लागे. १९१२ च्या सुमारास विजेच्या कळीनें सुरू होणारें इंजिन कॅडिलॅक गाडींत आलें, पेट्रोल स्वस्त झालें, आणि विजेची गाडी मागें पडली. तिची उणीव एकच होती : शिशाची बॅटरी जड, आणि तींत सांठवण थोडी. ही उणीव लिथियमच्या बॅटरीनें भरून काढली. तिच्या शोधाबद्दल २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस मिळालें. त्यांतील गुडइनफ त्या वेळीं ९७ वर्षांचे होते, ही गोष्ट आमच्यासारख्या निवृत्तांस धीर देणारी आहे.

आपल्याकडे बंगळूरची छोटी रेवा गाडी २००१ सालीं आली. कुटुंबास पुरेल अशी उंच बांध्याची गाडी मात्र लोकांच्या आवांक्यांत आली ती २०२० च्या जानेवारींत, टाटांच्या नेक्सॉनच्या रूपानें. ती पुण्याजवळ रांजणगांवास तयार होऊं लागली. २०२४ च्या नोव्हेंबरांत महिंद्रांनीं चाकणच्या कारखान्यांतील दोन मोठ्या गाड्या पुढें आणल्या. म्हणजे या विषयांत महाराष्ट्र केवळ गिऱ्हाईक नाहीं, कर्ता आहे.

आतां मुख्य शब्दाकडे वळूं. विजेच्या गाडीचा विचार करतांना पहिला शब्द येतो तो पल्ला. म्हणजे एकदां पूर्ण भरलेली बॅटरी किती किलोमीटर नेईल तें अंतर. बॅटरीची सांठवण युनिटांत मोजतात, आणि हें युनिट म्हणजे घरच्या वीजबिलावरचेंच युनिट, दुसरें कांहीं नव्हे. पहिल्या नेक्सॉनची बॅटरी ३०.२ युनिटांची होती व प्रमाणपत्रावरील पल्ला ३१२ किलोमीटर. २०२४ सालीं निघालेल्या तिच्या मोठ्या बॅटरीची सांठवण ४५ युनिटें असून प्रमाणपत्र ४८९ किलोमीटरांचें आहे. परंतु प्रत्यक्ष रस्त्यावर सुमारें साडेतीनशें मिळतील असें कारखाना स्वतःच सांगतो. महिंद्रांच्या एक्सईव्ही ९ई या गाडीची मोठी बॅटरी ७९ युनिटांची, प्रमाणपत्र ६५६ किलोमीटरांचें, आणि कारखान्याचा प्रत्यक्षाचा दावा पांचशेंच्या पुढचा.

दोन आंकड्यांत एवढें अंतर कां? यांत लबाडी नाहीं. प्रमाणपत्राची परीक्षा प्रयोगशाळेंत, फिरत्या रुळांवर, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणें होते. तींत शहरी भागाचा वेग ताशीं पन्नासाच्या आंत, आणि सर्वांत अधिक वेग नव्वद. समोरून वारा नाहीं, चढ नाहीं, वैशाखाचें ऊन नाहीं, मागें पेट्या नाहींत. शाळेंतील चांचणी परीक्षेंत नव्वद गुण मिळविणारा मुलगा बोर्डाच्या परीक्षेंत साठांवर येतो, त्यांतला हा प्रकार. आम्हीं एवढी वर्षें गुणपत्रकें लिहिलीं. तरी हें आम्हांस आधीं सुचलें नाहीं.

आमच्या घरीं गाडी आली ती सुमारें ४० युनिटांची, प्रमाणपत्रावर साडेचारशें किलोमीटरांहून अधिक पल्ल्याची. ती कोणत्या कारखान्याची हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण पुढें जें घडलें त्यांत तिचा दोष नव्हता. हिंगणा ते सीताबर्डी, दवाखाना, मुलांच्या शिकवण्या, यांत ती एका युनिटास आठ किलोमीटर सहज देई. घरांत तिचें कौतुक होऊं लागलें. वहिनींची शिर्डीस जाण्याची इच्छा कैक वर्षांची होती. वैशाखांत निघण्याचें ठरलें. पुतण्या, सूनबाई, त्यांची सात वर्षांची मुलगी, वहिनी आणि आम्ही.

पुतण्याचा हिशोब सोपा होता. पल्ला साडेचारशें, शिर्डी सवापांचशें, तेव्हां मध्यें एकदां थांबलें कीं झालें. आम्ही मान डोलावली. पहांटे पांचास निघण्याचें ठरविलें आणि एकत्र कुटुंबाच्या शिरस्त्याप्रमाणें साडेनऊस निघालों. रस्ता सरळ व मोकळा. गाडी ताशीं ११० वर ठेवली. महामार्गावर मोटारीस १२० पर्यंत मुभा आहे, म्हणजे आम्ही नियमांतच होतों. बाहेर ऊन चढत होतें, आंत थंडगार. वहिनी जप करीत होत्या.

बरोबर शंभर किलोमीटर झाले तेव्हां नातीनें समोरच्या पडद्यावरील आंकडा मोठ्यानें वाचला, "आजोबा, पन्नास टक्के!" तिला तो खेळ वाटत होता. पुतण्याचा चेहरा उतरला. शंभर किलोमीटरांत अर्धी बॅटरी संपली. मग साडेचारशेंचा हिशोब कोठें राहिला? पहिलें चार्जिंगचें ठिकाण, जें त्यानें हेरून ठेवलें होतें, तें आणखी शंभर किलोमीटरांवर होतें. त्यानें वेग ऐशींवर आणला आणि भीतीनें गार हवेचें यंत्रहि बंद केलें. खिडक्या उघडल्या तों तव्यावरची वाफ आंत यावी तसा वारा आला. सूनबाईंनीं पंचा भिजवून वहिनींच्या डोक्यावर ठेवला. वहिनींना मधुमेह आहे. त्यांचें इन्सुलिन बर्फाच्या डब्यांत होतें, आणि बर्फ वितळत चालला होता. सव्वा तासांत त्या एक अक्षर बोलल्या नाहींत. त्यांच्या न बोलण्याचीच आम्हांस अधिक भीति वाटली.

पावणेबाराच्या सुमारास त्या ठिकाणीं पोंचलों तेव्हां बॅटरींत चौदा टक्के उरले होते. चार्जिंगचें यंत्र उभें होतें. पण पडदा काळा. तेथील पोऱ्या म्हणाला, "काका, दोन दिवसांपासून बंद आहे." वीस मिनिटें पुतण्यानें दूरध्वनीवर धांवाधांव केली. अखेरीस पंधरा किलोमीटरांवरील गांवांत दुसरें यंत्र असल्याचें समजलें, आणि या वेळीं तें चालू आहे अशी प्रत्यक्ष बोलून खात्री करून मगच आम्ही निघालों. तेथें पोंचलों, गाडी जोडली, एका भल्या गृहस्थानें वहिनींना आपल्या दुकानांत पंख्याखालीं बसविलें, इन्सुलिन आपल्या शीतकपाटांत ठेविलें. ताक पिऊन त्या पहिलें वाक्य बोलल्या, "भाऊजी, तुम्ही गणिताचे मास्तर ना? मग घरून निघतांना गणित कां नाहीं केलें?"

आम्ही संस्कृताबरोबर गणितहि शिकवीत असूं, हें खरें. त्या तासाभरांत, एका जुन्या पावतीच्या पाठीवर, आम्हीं तें केलें.

पहिले शंभर किलोमीटर ११० च्या वेगानें : ४० युनिटांतील २० खर्च, म्हणजे एका युनिटास ५ किलोमीटर. दुसरे शंभर ८० च्या वेगानें : सुमारें १४ युनिटें, म्हणजे एका युनिटास ७ किलोमीटर. एवढा फरक कां? वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ११० चा वर्ग १२,१००. ८० चा ६,४००. म्हणजे वेग सवापट-दीडपटीच्या मध्यें वाढला, पण वाऱ्याचा विरोध जवळजवळ दुप्पट झाला. उंच व रुंद बांध्याच्या गाडीस तो अधिकच जाणवतो. पेट्रोलच्या गाडीसहि हाच नियम लागू आहे. पण पेट्रोल कोठेंहि पांच मिनिटांत मिळत असल्यानें आपण तो कधीं पाहत नाहीं.

आतां दुसरा हिशोब, जो आम्हांस आजहि बोचतो. गार हवेचें यंत्र तासास सुमारें दीड युनिट घेतें. सव्वा तासाचीं झालीं दोन युनिटांच्या आंत. तें चालू ठेवलें असतें तर आम्ही चौदाऐवजीं नऊ-दहा टक्क्यांवर पोंचलों असतों. आणि नऊ टक्के म्हणजे साडेतीन युनिटें, पुढचे पंधरा किलोमीटर जाऊन उरलींच असतीं. वेग कमी केल्यानें वांचलीं सुमारें चार युनिटें. यंत्र बंद केल्यानें दोनहि नाहींत. म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला आम्हीं तापविलें तें गरजेपोटीं नव्हे, केवळ हिशोब न केल्यामुळें. आम्हीं तो कागद वहिनींना दाखविला आणि क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "कळलें ना? मग झालें." आणि कागद परत दिला.

चार्जिंगविषयीं त्याच वेळीं जें शिकलों तें असें. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तासाला सुमारें तीन युनिटें मिळतात. म्हणजे रिकामी बॅटरी भरण्यास तेरा-चौदा तास. भिंतीवर बसविण्याचें ७.२ किलोवॅटचें यंत्र घेतलें तर तेंच काम सहा तासांच्या आसपास होतें. महामार्गावरील जलद यंत्रें तीस, साठ अथवा त्याहून अधिक किलोवॅटचीं असतात. आमचें तीस किलोवॅटचें होतें. दहा टक्क्यांवरून ऐशींवर येण्यास एक तास पांच मिनिटें लागलीं. महिंद्रांच्या मोठ्या गाडीस १७५ किलोवॅटचें यंत्र मिळालें तर वीस ते ऐशीं टक्के हें काम वीस मिनिटांत होतें असें कारखाना सांगतो. पण तसलें यंत्र वाटेंत असलें पाहिजे. यंत्र मोठें आणि गाडीची ग्रहणशक्ति लहान, किंवा याच्या उलट, असेल तर दोहोंतील जें लहान त्याप्रमाणेंच काम होणार. शिवाय ऐशीं टक्क्यांनंतर भरणा मंदावतो. घागर गळ्याशीं आली म्हणजे बाई धार बारीक करते, तसेंच गाडीचें यंत्र बॅटरीच्या रक्षणासाठीं करतें. म्हणून प्रवासांत ऐशींवर उठावें. शेवटच्या वीस टक्क्यांसाठीं तिष्ठत बसणें म्हणजे वेळेचा अपव्यय.

नागपूरला या गोष्टीचा धडा पूर्वीं एकदां मिळालेला आहे. २६ मे २०१७ रोजीं विजेवरील दोनशें टॅक्सी-वाहनांचा देशांतील पहिला मोठा प्रयोग येथें सुरू झाला. गाड्या होत्या, उत्साह होता. पण चार्जिंगचीं ठिकाणें मोजकीं, आणि थोड्याच महिन्यांत चालक रांगांत तास-तास खोळंबल्याची तक्रार करूं लागले. वाहन पुढें गेलें आणि पाणवठे मागें राहिले, तर घोडा कितीहि चांगला असो, काय उपयोग? तेव्हांच्या मानानें आज पाणवठे पुष्कळ वाढले आहेत, परंतु एखादा कोरडा निघतोच, हें आम्ही अनुभवानें सांगतों.

चालीविषयीं दोन शब्द. विजेच्या मोटरचा पूर्ण जोर पहिल्या क्षणापासून मिळतो; गिअर बदलण्याची खटपट नाहीं, आवाज नाहीं, थरथर नाहीं. थांबलेल्या अवस्थेपासून ताशीं शंभराचा वेग गांठण्यास ४५ युनिटांच्या नेक्सॉनला नऊ सेकंदांच्या आंतबाहेर, आणि महिंद्रांच्या ७९ युनिटांच्या गाडीस ६.८ सेकंद लागतात असे कारखान्यांचे आंकडे आहेत. घरांतील तरुण मंडळींस हेंच सर्वांत आवडतें. आम्हीं मात्र पुतण्यास बजावलें आहे कीं, रस्त्यावरून चालणाऱ्या म्हाताऱ्यास या गाडीची चाहूल लागत नाहीं. तेव्हां हळूं चालविण्याची जबाबदारी दुप्पट. उतारावर किंवा पाय सैल सोडतांच मोटरच उलट जनित्र होऊन थोडी वीज परत भरते, हा तिचा खरा गुण. शहरांत पल्ला अधिक मिळतो तो त्यामुळें व मंद वेगामुळें.

खर्चाचें गणित सरळ आहे. भरतांना दहावा हिस्सा वीज वाटेंत जाते असें धरलें व घरचें युनिट दहा रुपयांचें मानलें, तर किलोमीटरास दीड रुपयाच्या आंत खर्च येतो. पेट्रोल लिटरास शंभर रुपये व पंधरा किलोमीटर धरले तर साडेसहांच्या पुढें. २०२५ च्या राज्य-धोरणांत समृद्धि महामार्गावर विजेच्या मोटारींस पथकरमाफीहि जाहीर झालेली आहे. मात्र महामार्गावरील जलद यंत्रांचा दर घरच्या दराहून पुष्कळ अधिक असतो. ज्याचें फिरणें रोजचें व गांवांतलें, त्यालाच ही बचत पुरती लाभते.

आणि धुराचें काय? कोराडी व खापरखेडा येथील विजेच्या कारखान्यांचीं धुराडीं आम्हां नागपूरकरांस परकीं नाहींत. त्यांत कोळसाच जळतो. तेव्हां विजेची गाडी घेतली म्हणजे आपण पापमुक्त झालों असें कोणी मानूं नये. एवढें मात्र खरें कीं, पेट्रोलच्या इंजिनांत बहुतांश उष्णता वायां जाते, तर मोटर आपल्याला मिळालेल्या विजेचा बहुतेक सर्व भाग चाकांस देते; आणि शाळेच्या फाटकाशीं मुलांच्या नाकांत धूर जात नाहीं. ज्यांच्या गच्चीवर सूर्यतापाच्या पाट्या बसल्या आहेत, त्यांनीं दुपारीं गाडी भरली तर समाधान अधिक.

शिर्डीस आम्ही दिवेलागणीस पोंचलों. मध्यें आणखी एकदां तासभर थांबावें लागलें. वहिनींचें दर्शन झालें. परतीच्या दिवशीं निघालों ते खरोखरच पहांटे पांचास. आदल्या रात्रीं पुतण्या व आम्ही कागद घेऊन बसलों : वेग नव्वद, गार हवा चालू, युनिटास सहा किलोमीटर, पहिला थांबा दोनशेंच्या आंत, प्रत्येक थांब्यास जवळच दुसरा पर्याय, आणि वीस टक्क्यांच्या खालीं आंकडा जाण्यापूर्वीं शक्यतों थांबणें. सर्व यंत्रें चालू असल्याची दूरध्वनीनें चौकशी झाली. दोन थांबे घेऊन दुपारीं दीडास हिंगण्यास आलों. वहिनी वाटेंत निजल्या होत्या. यापेक्षां मोठें प्रमाणपत्र आमच्या मतें कोणत्याहि गाडीस नको.

ज्यांच्या घरीं हा विचार चालू असेल त्यांस आमचें सांगणें एवढेंच. प्रथम घरांत गाडी उभी राहण्याची जागा व स्वतंत्र वायरिंग, चांगल्या अर्थिंगसह, आहे कीं नाहीं तें पाहावें. मोठें यंत्र बसविणार असाल तर महावितरणाकडून मंजूर भार वाढवून घ्यावा. प्रमाणपत्रावरील पल्ल्याचा निम्मा किंवा फार तर तीन-पंचमांश भाग महामार्गासाठीं धरावा. उन्हाळ्यांत गाडी सावलींत ठेवावी व लांबच्या प्रवासाहून येतांच, बॅटरी तापलेली असतां, लगेच भरण्याची घाई करूं नये. म्हातारें माणूस, तान्हें मूल किंवा आजारी कोणी बरोबर असेल तर वेग कमी करावा. त्यांची हवा बंद करूं नये.

नलास घोडे ठाऊक होते, ऋतुपर्णास संख्या. आमच्या घरीं पुतण्यास गाडी कळते, आम्हांस बेरीज-गुणाकार येतो. जातांना दोघेहि आपापल्या विद्येंत गर्क राहिलों, म्हणून कलि गाडींत बसून आला. परतीच्या वाटेवर त्यास जागा उरली नव्हती. तो पावतीचा कागद सूनबाईंनीं आतां गाडीच्या कप्प्यांत जपून ठेवला आहे.